खाला बॅटरीवर

रोज सकाळी दहाच्या आसपास माझा फोन टुणकन वाजायचा आणि पडद्यावर दोनच शब्द यायचे: "खाला बॅटरीवर." जिनिंग कारखान्याच्या मुनिमजींनी एकदा हा मेसेज माझ्या खांद्यावरून वाचला आणि फार काळजीनं विचारलं, "बाई, तुमच्या घरचं कोनी दवाखान्यात हाय काय?" मी म्हटलं, नाही हो, खाला ठणठणीत आहे, घराबाहेर पडली एवढंच. त्यांचा चेहरा आणखीच गोंधळला. समजावून सांगायला तेव्हा वेळ नव्हता. आज आहे.

कापसाला भाव नसण्याची ती वर्षं. कुठल्याही ओसरीवर बसा, बोलणं शेवटी तिथंच यायचं, आणि मला तरुण वयात ते ऐकून ऐकून वैताग आला होता. मी शेतकऱ्याच्या घरातली, नागपूरहून इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा घेऊन घाटंजीला परतलेली. मामेभाऊ मोबाइल दुरुस्तीच्या दुकानाला कंटाळलेला. आम्ही दोघांनी मिळून गावात बिनतारी इंटरनेट पुरवण्याचा धंदा काढला. गिऱ्हाईक म्हणजे कापसाची सरकी काढणारे दोन जिनिंग, एक कॉम्प्युटर क्लास आणि एक दातांचे डॉक्टर. डॉक्टर लाइन गेली तरी कधी बोलायचे नाहीत. जिनिंगवाले बोलायचे. तिथली खरेदी नुकतीच कॉम्प्युटरवर गेली होती, त्यामुळे लाइन गेली की वजनकाटा थांबायचा, काटा थांबला की कापसाच्या गाड्यांची रांग नाक्यापर्यंत जायची, आणि उन्हात बसलेल्या माणसांच्या शिव्या थेट आमच्या नावानं यायच्या. त्यांचं चूक होतं असं मी म्हणणार नाही.

सिग्नल यायचा गावाबाहेरच्या टेकडीवरच्या टॉवरवरून. पण टॉवर आणि जिनिंग यांच्यामध्ये गावाचा उंचवटा, त्यामुळे एकाला दुसरं दिसत नाही. मध्ये एखादी गच्ची हवी, जिथून दोन्ही दिसतील. अशी गच्ची शोधत मी गावभर हिंडले. लोकांना वाटायचं, पोरगी स्थळं पाहत फिरते आहे. शेवटी गच्ची सापडली ती मुसलमान मोहल्ल्यात, सगळ्यात उंच गल्लीच्या टोकाला. घर दोन खोल्यांचं, स्लॅबचं, पुढं छोटं अंगण. घरात एकटी राहणारी बाई, जिला सगळा मोहल्ला खाला, म्हणजे मावशी, म्हणायचा.

त्या मोहल्ल्यात गच्चीवर चढायची एक रीत आहे. पुरुष माणूस, मग तो घरमालक असो नाहीतर डिशवाला, वर जाण्याआधी जिन्यात थांबून मोठ्यानं हाक देतो, "छत पे आ रहा हूँ!" आजूबाजूच्या अंगणांत बायका धुणं धूत असतात, केस वाळवत असतात. त्यांना आत जायला सवड मिळावी म्हणून ही हाक. माझ्या मामेभावाचा आवाज डासाच्या गुणगुणीइतका बारीक. तो बिचारा हाक द्यायचा, कुणाला ऐकू जायची नाही, आणि वर गेला की चारी बाजूंनी आरडाओरडा व्हायचा. मला हाक द्यायची गरज नव्हती. एवढ्या एका कारणानं आमच्या धंद्यातलं चढण्या-उतरण्याचं सगळं काम माझ्या गळ्यात पडलं आणि तो दुकानात पंख्याखाली बसला.

खाला साठी ओलांडलेली, उंच, काटक, आवाजानं गल्ली गाजवणारी. तिचे मालक पिंजारी होते. बाजारात त्यांचं रुई पिंजायचं आणि गाद्या भरायचं दुकान होतं. एका दुपारी दुकान बंद करून ते जेवायला घरी आले आणि मागे तारेतून ठिणगी पडली. रुईनं भरलेलं दुकान, पाणी आणेपर्यंत काही उरलं नाही. त्या धक्क्यानंतर माणूसही फार दिवस राहिला नाही. तेव्हापासून खाला पिशवीत दाभण आणि दोरा घेऊन लोकांच्या घरी गाद्या-रजया शिवायला जायची. तिला कामाची कमतरता नव्हती. बाजारात कापसाचं हसं होत होतं, म्हणून घरोघरी थोडा कापूस मागे ठेवून गाद्या करून घ्यायची टूम निघाली होती. भाव नाही तर नाही, पाठीखाली तरी मऊ राहू दे, असं खाला म्हणायची आणि टाका ओढायची.

मी गच्ची मागायला गेले तेव्हा तिनं आधी मला पोटभर खायला घातलं, मग ऐकून घेतलं.

"लाव तुही थाली," ती म्हणाली. आमच्या अँटेनाला ती शेवटपर्यंत थाळीच म्हणायची. "पन एक गोष्ट आयकून घे. मी घराबाहेर पडली का मेन बटन बंद. मंग कलेक्टर येऊन सांगो."

"अवो खाला, मंग वरचा डब्बा बंद पडन ना."

"पडू दे. मी रुई जळताना पाह्यली हाय, बेटी. तू नाई पाह्यली."

मी अट मान्य केली. भाडं म्हणून तिनं आमच्या शेतातली तूर मागितली, दुसरं काही नाही. मी गच्चीवर पत्र्याच्या पेटीत बॅटरी बसवली. खालानं बटन बंद केलं की राउटर बॅटरीवर चालायचा, ती संध्याकाळी परतली की बॅटरी पुन्हा भरायची. एक दिवस सहज निभायचा, त्याहून जास्त नाही.

मग मी राउटरवर पहारा बसवायला घेतला. हे काम मला मनापासून आवडायचं. मोहल्ल्यातल्या हाकेसारखंच ते. आमच्या दुकानातला कॉम्प्युटर दर मिनिटाला गच्चीवरच्या राउटरला हाक देणार, राउटरनं ओ द्यायची. ओ यायला किती वेळ लागला, किती हाका वाया गेल्या, हे कॉम्प्युटर मांडून ठेवणार, आणि ठरवलेल्या मर्यादेबाहेर काही गेलं की आमच्या फोनवर मेसेज. लाइनच गेली तर मेसेज त्याच लाइनवरून कसा जाईल, म्हणून दुकानात एक वेगळं सिमकार्ड घातलं. पहिल्याच आठवड्यात फोननं जीव नकोसा केला. उन्हानं राउटर तापला, मेसेज. थाळीवर कबुतर बसलं, मेसेज. एक ओ उशिरा आली, मेसेज. मामेभावानं त्याचा फोन गादीखाली दाबून ठेवला आणि वर स्वतः बसला.

हळूहळू मला उमगलं की मर्यादा फार आवळली तर पहारेकरी नुसता बोंबलत राहतो आणि कुणी ढुंकून बघत नाही. एक हाक चुकली तर चुकू द्यावी. लागोपाठ पाच चुकल्या तर मात्र उठावं. दुपारच्या उन्हाला वेगळी मर्यादा, सकाळला वेगळी. असं करत करत फोन शहाणा झाला.

राउटरला आणखी एक गोष्ट कळायची, ती म्हणजे आपल्याला वीज किती मिळते आहे. बटन बंद झालं की व्होल्टेज थोडं उतरायचं आणि त्यावरून तो बॅटरीवर गेल्याचं समजायचं. भारनियमनातही तसंच व्हायचं, पण आमचं दुकान आणि खालाचं घर एकाच लाइनवर होतं. म्हणून नियम असा केला की दुकानातली वीजही गेली असेल तर गप्प राहायचं. दुकानात वीज आहे आणि फक्त खालाकडं नाही, तरच सांगायचं. मेसेजचे शब्द मीच लिहिले: "खाला बॅटरीवर."

"कायले पायजे हा मेसेज?" मामेभाऊ म्हणाला. "लाइन तर चालूच राह्यते. काढून टाक."

त्याचं म्हणणं बरोबर होतं, पण मी काढला नाही. मी कुठल्यातरी गच्चीवर पान्यानं नट आवळत असायची, फोन वाजायचा, आणि मला दिसायचं की खालानं चपला घातल्या, बटन पाडलं, कुलूप लावलं, पिशवी खांद्याला अडकवली. बरं वाटायचं. त्यापलीकडं कारण नव्हतं.

ईदला तिची मुलगी नागपूरहून यायची. शाळेत शिक्षिका, आईसारखीच उंच आणि आईसारखीच हट्टी. दर ईदला शीरखुर्म्याच्या वाटीबरोबर तोच वाद. अम्मी, आता एकटीनं राहायचं नाही, ब्लडप्रेशर आहे, पडलीस तर कुणाला कळणार, चल माझ्याकडं. मुलीनं मोबाइल घेऊन दिला होता, पण खाला तो बाहेर जाताना बंद करून ट्रंकेत ठेवायची. घरात कुणी नसताना तो वाजून काय उपयोग, असं तिचं म्हणणं. मुलगी कपाळाला हात लावायची.

खालाला नागपूर नको होतं. मुलगी, जावई, नातवंडं, सगळी जिवाची होती. पण तिसऱ्या मजल्यावरच्या बंद दारांच्या इमारतीत तिचा श्वास कोंडायचा. आपल्या घराचं बटन आपल्या हातानं पाडून बाहेर पडावं, परतल्यावर आपल्याच हातानं चालू करावं, एवढंच तिला मरेपर्यंत हवं होतं. ते तिनं एका ईदला तोंडानं सांगितलं, आणि सांगताना तिच्या डोळ्यांत पाणी आलं. खाला रडते हे मी पहिल्यांदा पाहिलं.

मी तिथं तूर द्यायला गेले होते. दुसऱ्यांच्या घरच्या बोलण्यात तोंड घालू नये हे मला कळतं, पण जमत नाही. मी म्हटलं, "बाजी, तुमची अम्मी रोज घराबाहेर पडली का मले मेसेज येते. ज्या दिवशी बटन बंदच झालं नाई, त्या दिवशी मेसेज आला तं?"

लॅपटॉप गाडीच्या डिकीत होताच. मी तिथंच चटईवर बसून नियम लिहिला. रोज अकरा वाजता तपासायचं, सकाळपासून खालाचं बटन एकदा तरी बंद झालं का? झालं असेल तर गप्प. नसेल तर मला आणि नागपूरला, दोघींना मेसेज: "खालाचं बटन अजून चालू आहे." ज्या दिवशी घरीच थांबायचं असेल त्या दिवशीही तिनं एकदा बटन पाडून पुन्हा वर करायचं, बस्स. मुलीनं तीनतीनदा विचारून घेतलं, मग म्हणाली, "बघू."

खाला राउटरच्या दिशेनं छताकडं बघत होती. "म्हंजे हा डब्बा माही चुगली करन?"

"हाव."

"मंग त्याले म्हन, नीट कर. झूट नको बोलू."

पुढं बरेच महिने सुरळीत गेले. एकदाच अकराला मेसेज आला आणि मी गाडी अशी पळवली की चौकात एक भाजीवाला माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करत राहिला. पोचले तर दार सताड उघडं, आत चुलीवर डाळ-मटणाचा दालचा रटरटतोय आणि खाला ताट मांडते आहे. तुमच्या तुरीचा केला, गरम खाऊन जा, म्हणाली. बटन मुद्दाम चालू ठेवलं होतं, मला बोलावायला. मी इतकी चिडले की शब्द फुटेनात. मग फुटले, आणि बरेच फुटले. नागपूरला बाजीचे हातपाय गळाले असतील, त्यांना आधी फोन करा, म्हटलं. तिनं निमूटपणे ट्रंकेतून मोबाइल काढला. फोन झाल्यावर मी दालचा खाल्ला. राग होता, पण दालचा सोडण्याइतका नव्हता. तसा दालचा मी पुन्हा कुठं खाल्ला नाही.

त्यानंतर तिनं तसं कधी केलं नाही. म्हणून थंडीच्या दिवसांत, गाद्या-रजयांच्या ऐन हंगामात, जेव्हा अकराला मेसेज आला, तेव्हा ही पुन्हा तिची गंमत असेल असं मला वाटलंच नाही. पाय उचलले आणि निघाले. दार आतून बंद होतं. हाका मारल्या, ओ नाही. शेजारच्या घरात शिरून त्यांच्या जिन्यानं वर गेले, मधला कठडा ओलांडला आणि खालाच्या जिन्यानं अंगणात उतरले. मोरीपाशी ती पडली होती. शुद्धीत होती, पाय विचित्र वळलेला, ओठ कोरडे, अंग गारठलेलं. पहाटे नमाजाआधी हातपाय धुवायला, वजू करायला उठली आणि घसरली. ओरडून ओरडून घसा बसला होता, पण थंडीत दारं-खिडक्या लावून निजलेल्या शेजाऱ्यांना ऐकू गेलं नव्हतं.

मला पाहून म्हणाली, "अकरा वाजले काय?"

"वाजले, खाला."

"मी वाटच पाहून राह्यली होती." तेवढं बोलून तिनं माझा हात असा धरला की त्याचे वळ संध्याकाळपर्यंत राहिले. मी रडले. लपवून नाही, चांगली हमसून रडले, आणि ज्यानं कुणी हाका मोजणारी ही यंत्रं पहिल्यांदा बनवली त्या अनोळखी माणसाला मनात हात जोडले.

शेजाऱ्यांनी जीप आणली. तिला यवतमाळला न्यायचं ठरलं, मुलगी परस्पर तिकडं येणार होती. चारजणांनी खाट उचलली. मी घर आवरलं, चूल पाहिली, कुलूप हातात घेतलं आणि सवयीनं मेन बटनाकडं हात नेला.

"राहू दे," खाटेवरून खालाचा आवाज आला.

मला वाटलं, वेदनेत काहीतरी बोलते आहे. "खाला, घरात कोनी नाई. बंद करते."

"राहू दे म्हनते ना. तुही बॅटरी एकच दिवस चालते. मी का उद्या येनार हाय?"

"मी थाली दुसरीकडं हलवते."

"कुठं हलवते? गावभर फिरली तवा एक छत भेटलं तुले." मग जरा थांबून, "डर तर लागते. पन तू हायस ना पाहाले. चल, लाव कुलूप."

मी बटन चालू ठेवून कुलूप लावलं, एक किल्ली खालाच्या हातात दिली, दुसरी माझ्याकडं ठेवली. माझ्या ओळखीच्या साऱ्या माणसांत त्या एका बाईनं चालू बटन मागं ठेवून उंबरा ओलांडणं म्हणजे काय, हे मला माहीत होतं. तिचे ते उपकार मी कशानंही फेडू शकत नाही, आणि फेडायची इच्छाही नाही, ते तसेच अंगावर असावेत.

दुसऱ्याच दिवशी मी गच्चीवर गेले. सगळ्या जुन्या तारा बदलल्या, बटनापाशी नवा ब्रेकर बसवला. राउटरला स्वतःचं तापमानही कळतं, त्याच्यावर एक मर्यादा घातली आणि ती जाणूनबुजून आवळून ठेवली. या एका बाबतीत पहारेकरी बोंबलला तरी चालणार होतं. दर जुम्म्याला, म्हणजे शुक्रवारी, नागपूरला फोन करून मी खालाला सांगायची, घर थंड आहे, तार थंड आहे, कुलूप जागेवर आहे. ती म्हणायची, "बरं."

पायाचं ऑपरेशन झालं, पाय सांधला, वॉकर आला. महिने गेले. मुलगी म्हणाली, आता अम्मी इथंच राहील. मी हो म्हटलं. घराचं काय करायचं ते नंतर पाहू, असंही ती म्हणाली, तेव्हा माझ्या डोळ्यांपुढं ते कुलूप आलं. थाळी मला आठवलीसुद्धा नाही.

एक गोष्ट मात्र चालूच होती. अकराचा नियम मी काढला नव्हता. बटन आता कायम वर, त्यामुळे रोज अकराला मेसेज यायचा: "खालाचं बटन अजून चालू आहे." मामेभाऊ म्हणायचा, "काहून ठेवला? रोज रोज जीव जाळते." ते दोन मिनिटांचं काम होतं. मी रोज उद्यावर ढकलायची. नवल म्हणजे, तो मेसेज नागपूरलाही जायचा आणि तिथूनही कुणी बंद करा म्हणालं नाही.

त्याचं कारण मुलीनं मला खूप नंतर सांगितलं. रोज अकराला तिचा फोन वाजायचा. सुट्टीच्या दिवशी अम्मी शेजारीच बसलेली असायची. ती मान वर करून विचारायची, "काय म्हनते डब्बा?" मुलगी म्हणायची, "काही नाही." अम्मी म्हणायची, "बटन चालू हाय म्हनत असन." आणि पुन्हा भाजी निवडायला लागायची. बस, एवढंच. गाऱ्हाणं नाही, हट्ट नाही. "रोज तोच मेसेज वाचून वाचून," मुलगी म्हणाली, "मला कळलं की ही माझ्याकडे राहते आहे, पण घरी नाही."

पण हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. बाजाराचा दिवस होता. मी जिनिंगच्या पत्र्यांवर चढून थाळी सरळ करत होते, खाली काट्यावर गाड्या सरकत होत्या. फोन वाजला. दहा वाजले होते, म्हणजे अकराचा मेसेज असायचं कारण नव्हतं. आधी तापमानाचा असेल असं वाटलं. हात पुसून पाहिलं.

"खाला बॅटरीवर."

मी तो पुन्हा वाचला. दुकानात फोन करून मामेभावाला विचारलं, तिथं वीज आहे का? आहे म्हणाला. मी पत्र्यावरून कशी उतरले ते मला आठवत नाही, मुनिमजी मागून काहीतरी ओरडत होते तेवढं आठवतं.

ती बाजाराच्या तोंडाशीच सापडली. वॉकर एका हातगाडीला टेकवलेला, खांद्याला दाभणाची पिशवी, आणि वांगेवाल्याशी कडाक्याचं भांडण चालू. मुलगी आणि आणखी एक बाई, जी पुढं रात्रीची सोबतीला राहू लागली, दोघी मागं हसत उभ्या. माझ्याकडं लक्ष गेलं तशी खाला वांगं हातात धरूनच वळली. मला धाप लागली होती, चेहरा ओला होता.

"काहून आली धावत?" ती म्हणाली. "बटन तर बंद केलं मी."

"बंद केलं म्हनूनच आली," मी म्हटलं.